चोपचिनी, फिरंग आणि एक गाळलेली ओळ

गेल्या वर्षी चवथीच्या आधी डिचोली तालुक्यातलं आमचं गावचं घर शाकारायला घेतलं होतं. कौलं उतरवायची म्हणजे आधी माळा रिकामा करायचा, आणि माळा रिकामा करायचा म्हणजे तीन पिढ्यांनी 'असू दे, कधी तरी लागेल' म्हणून वर फेकलेलं सगळं खाली आणायचं. त्यात एक पत्र्याचा डबा निघाला. आत फोर भरल्याच्या पोर्तुगीज पावत्या, एक फाटकं पंचांग आणि तळाशी फडक्याची पुरचुंडी. सोडली तर लालसर तपकिरी रंगाचे गाठाळ मुळाचे तुकडे, लाकडासारखे कडक. किड्यांनी आपला वाटा केव्हाच उचललेला. सोबत चौघडी केलेला एक कागद.

कागद बाळबोध अक्षरातला, त्यावर शके १८३५ घातलेलं. म्हणजे इसवी सन १९१३-१४. डबा माझ्या पणजोबांचा. कागदावर रोग्याचं नाव नाही, वैद्याचंही नाही. मजकूर असा: "चोपचिनीचें चूर्ण मधांतून. रसकापूर कणकेचे गोळींत घालून, वरून लवंगेची पूड लावून, दांतांस न लागतां पाण्याबरोबर गिळावा. मागाहून विडा. मीठ, आंबट, पालेभाजी वर्ज्य. श्रम, ऊन, चाल वर्ज्य. ताट तांब्या वेगळा ठेवावा."

चोपचिनी हा शब्द मी ऐकला होता, पाहिली मात्र नव्हती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला तुकडा दाखवला. त्याने वासही घेतला नाही. "चोपचिनीच ती. सांधे धरलेत का कुणाचे?" आमच्या काकांचंही तेच मत पडलं, पणजोबांना सांधेदुखी असणार. असेलही. पण मला तो रसकापूर खटकत होता. रसकापूर म्हणजे पाऱ्याचा क्षार, चांगला जहाल. गुडघे दुखतात म्हणून दातांना न लावता पारा गिळायला कोण सांगेल?

मी पेशाने कारकून. आवक-जावक, नकला, टिप्पण्या यांत माझी वीस वर्षं गेली. कुठलाही कागद हाती आला की हा मूळ आहे की कशाची नक्कल आहे, हा प्रश्न आधी डोक्यात येतो. हा कागद नक्कल होता. मूळ मला पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात हिंदी टीकेसह सापडलं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांचा 'भावप्रकाश', त्यातलं फिरंगरोगाचं प्रकरण.

फिरंगरोग म्हणजे ज्याला आज डॉक्टर सिफिलिस म्हणतात आणि मराठीत उपदंश किंवा गरमी म्हणतात तो रोग. (उपदंश हा शब्द जुन्या आयुर्वेदात जरा वेगळ्या अर्थाने येतो, नव्या मराठीत तो सिफिलिसला चिकटला.) फारसी-उर्दूत त्याला आतशक म्हणतात, आतश म्हणजे अग्नी. आपली 'गरमी' तिथूनच आली असेल किंवा अंगाची आग होते म्हणून स्वतंत्रपणे सुचली असेल. चरक-सुश्रुतात हा रोग नाही. भावमिश्र सरळ सांगतात की फिरंग नावाच्या देशात हा फार आढळतो म्हणून त्याला फिरंग म्हणायचं. पुढे ते म्हणतात की हा रोग आगंतुक आहे, म्हणजे वात-पित्त बिघडून आतून उपजलेला नाही, बाहेरून आलेला आहे, आणि तो अंगाला अंग लागून येतो, विशेषतः फिरंगिणीच्या संगाने. बाहेरचा, आतला आणि दोन्हीकडचा असे त्याचे तीन प्रकारही त्यांनी केले आहेत. जंतू म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नसण्याच्या काळात इतकं नेमकं निरीक्षण! फिरंगिणीचं तेवढं मात्र मला पटत नाही. लिस्बनहून येणाऱ्या जहाजांत बायका अगदी मोजक्या असत, आणि म्हणूनच आफोंसो द आल्बुकेर्कने आपल्या माणसांना गोव्यातल्या बायकांशी लग्नं लावायला उत्तेजन दिलं. रोग जहाजातून उतरला तो पुरुषांच्या अंगावरून. पण दोष द्यायला बाईच बरी पडते.

रोगाला शेजाऱ्याचं नाव देण्यात भावमिश्र एकटे नव्हते, हे सांगायला हवं. १४९४ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीवर चालून गेला, १४९५ त त्याने नेपल्स घेतलं आणि त्याच्या भाडोत्री फौजेत हा रोग वणव्यासारखा पसरला. फौज पांगली तसा रोग युरोपभर गेला. इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणू लागले, फ्रेंच त्याला नेपल्सचा म्हणू लागले. रशियनांसाठी तो पोलिश होता. पोर्तुगीज त्याला कास्तिलचा, म्हणजे शेजारच्या स्पेनचा म्हणत. 'सिफिलिस' हे नाव त्यामानाने निरुपद्रवी. फ्राकास्तोरो नावाच्या इटालियन वैद्याने १५३० साली या रोगावर लॅटिनमध्ये एक काव्य लिहिलं, त्यातल्या मेंढपाळाचं ते नाव. रोग मुळात आला कुठून यावर पाचशे वर्षं वाद चालला. १४९३ त परतलेल्या कोलंबसाच्या खलाशांनी तो आणला असं एक मत होतं, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या प्राचीन हाडांमधल्या डीएनएच्या अभ्यासाने पारडं त्याच बाजूला झुकवलं आहे.

वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली, गोवा पोर्तुगीजांनी घेतला १५१० साली. म्हणजे नेपल्सच्या घटनेनंतर पंधरा वर्षांत या रोगाचं माहेर आणि आपलं बंदर यांच्यामध्ये नियमित जहाजं ये-जा करू लागली होती.

आता चोपचिनी. नाव फारसी आहे, चोब-ए-चिनी म्हणजे चिनी लाकूड. भावप्रकाशात तिला 'द्वीपांतर वचा' म्हटलंय, दुसऱ्या बेटावरचं वेखंड. रोग पश्चिमेकडून आला आणि औषध पूर्वेकडून, आणि दोघांची गाठ पडली ती आपल्या गोव्यात. याचा साक्षीदार आहे गार्सिया द ओर्ता. पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. जेवणाच्या सुट्टीत मी अनेकदा तिथे बसलोय, तेव्हा हे काही माहीत नव्हतं. ओर्ता १५३४ साली गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही तो वैद्य होता, आणि १५६३ साली इथल्याच छापखान्यात त्याचं भारतीय औषधींवरचं संवादरूप पुस्तक छापलं गेलं. त्यात एक सबंध प्रकरण चोपचिनीवर आहे. साधारण १५३५ च्या सुमारास हे मूळ गोव्यात माहीत झालं असं तो लिहितो. काही वर्षांतच ते युरोपात पोचलं. पाचवा चार्ल्स बादशहा आपल्या संधिवातासाठी ते घेऊ लागला आणि शरीरशास्त्राचा पितामह व्हेसालियसने १५४६ साली त्यावर एक पुस्तकच लिहिलं. (बाजारातला म्हातारा आणि आमचे काका अगदीच चुकले नव्हते म्हणायचे!)

ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ साली तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळलं आणि १५८० साली त्याचीही हाडं उकरून जाळली. बागेत बसताना आता हेही आठवतं. असो.

दुसरा साक्षीदार माझ्यासारखाच कारकून. यान हाउखेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपांच्या पदरी लिखापढीचं काम करत होता. मायदेशी गेल्यावर १५९६ साली त्याने पुस्तक लिहिलं. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या आजारांबद्दल लिहिताना तो सांगतो की गरमी आणि तत्सम 'गुप्त' रोग इथे फार, पण ते कुणी लपवत नाही, इतर कुठल्याही दुखण्यापेक्षा त्यात जास्त लाज मानत नाहीत. चोपचिनीने बरे होतात. काहींना तर तीन-तीन चार-चार वेळा झालेला असतो, तरी त्यांना कुणी टाळत नाही.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. लिन्शोटेन हे कौतुकाने लिहीत नाही, नाक मुरडूनच लिहितो. तीन-चार वेळा रोग होणं हे काही भूषण नाहीच, आणि चोपचिनीने तो बराही होत नव्हता. पण ज्या रोगाचं नाव म्हापशाच्या घरात आज कुजबुजूनसुद्धा कुणी घेत नाही, ज्याचा 'गुप्तरोग' असा फलक फक्त मुतारीच्या भिंतीवर दिसतो, तो या शहरात एके काळी पडशासारखा उघडपणे बोलला जात होता. 'गुप्त'पणा रोगाच्या अंगचा नाही, तो आपण मागाहून चिकटवलेला.

चोपचिनीने आणि पाऱ्याने लोक बरे होत नसतील तर चारशे वर्षं त्यांचा बोलबाला कसा राहिला? याचं उत्तर रोगाच्या चालीत आहे. संबंधानंतर सुमारे तीन आठवड्यांनी (कधी दहा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी) जिथे जंतू शिरला तिथे एक चट्टा उठतो. तो दुखत नाही, आणि काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. त्या काळात तुम्ही जे घेतलं असेल त्याला श्रेय. वैद्याला, हकिमाला, पाद्रीला, नवसाला. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ येतो, ताप येतो, तोंडात चट्टे पडतात. तेही जातं. मग वर्षानुवर्षं काही नाही. काहींच्या बाबतीत दहा-वीस वर्षांनी तो हृदयात, मेंदूत, हाडांत डोकं वर काढतो, पण तोवर औषध देणारा वैद्यच वारलेला असतो.

पारा त्यातल्या त्यात जंतूंना थोडा मारतही असे, पण माणसालाही मारे. युरोपात पाऱ्याचं मलम चोळून, पाऱ्याच्या धुरीत कोंडून रोग्याला लाळ गाळायला लावत. दात हलत, हिरड्या सडत. भावमिश्रांना हे ठाऊक होतं, म्हणून तर कणकेची गोळी आणि 'दातांस न लागता'. (कुणी हौसेने रसकापूर शोधायला निघू नये म्हणून लिहून ठेवतो, तो विषच आहे, मूत्रपिंडं निकामी करतो.)

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येतो. मी भावप्रकाशातला रसकापुराचा विधी आणि डब्यातला कागद शेजारी शेजारी ठेवले, कचेरीत नक्कल ताडून पाहतो तसे. कणकेची गोळी, लवंगेची पूड, दात, पाणी, विडा सगळं जुळलं. पथ्यंही जुळली. पालेभाजी, आंबट, मीठ, श्रम, ऊन, चालणं. आणि मग ग्रंथात शेवटची एक अट आहे, तिच्याआधी 'विशेषतः' असा शब्द घालून सांगितलेली: स्त्रीसंग वर्ज्य.

ती आमच्या कागदात नाही.

तिच्या जागी आहे, 'ताट तांब्या वेगळा ठेवावा'. आणि हे मूळ ग्रंथात नाही.

वैद्याला ती ओळ लिहायची लाज वाटली असेल. कागद घरातल्या बायकांच्या हाती पडेल, औषध कुटणाऱ्या त्याच. किंवा पणजोबांनीच मागून घेतलेल्या दुसऱ्या कागदावर गाळली असेल. तोंडी सांगितलं असेल, नसेल. कारकुनाच्या नजरेला दिसतं ते एवढंच की मिठाची ओळ नकलेत आली आणि जी ओळ रोगाला घराच्या उंबरठ्यावर अडवू शकली असती ती आली नाही.

आता पणजीबद्दल (शहर नव्हे, पणजोबांची बायको). लहानपणापासून घरात ऐकलेलं असं की तिची पहिली चार मुलं गेली. दोन पोटातच, एक जन्मतःच मेलेलं, चौथं अकरा दिवसांचं होऊन, नामकरणाच्या आदल्या रात्री. देवळात प्रसाद घेतला गेला, देवचाराचा नारळ ठेवला गेला, पायगुण काढला गेला. मग १९२१ साली माझे आजोबा जन्मले, धडधाकट, आणि चौऱ्याऐंशी वर्षं जगले. नवस फळाला आला म्हणून आमच्याकडे अजून दरवर्षी एका देवस्थानात अभिषेक असतो.

गरमीचा हाही एक ठरलेला चेहरा आहे. आईला लागण झाली की जंतू वारेतून बाळाकडे जातात. लागण ताजी असते तेव्हा धोका सगळ्यांत मोठा: गर्भपात, मृत मूल, नाही तर जन्मल्यावर काही दिवसांत गेलेलं मूल. वर्षं सरतात तसा उपचाराशिवायही तो कमी कमी होत जातो, आणि शेवटी निरोगी मूल जन्मतं. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी बाळंतपणांच्या याद्या करून ही चढण ओळखली होती. आमच्या घरातल्या चार मुलांची यादी त्या क्रमात बसते. १९१३ चा कागद आणि १९२१ चे आजोबा यांच्या मधली ती सात-आठ वर्षं.

न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही, मला ठाऊक आहे. पण पायगुणाला तरी कुठला पुरावा होता?

पणजीची चूक काय, हे जगातल्या सरकारांनाही तेव्हा कळलेलं नव्हतं. ब्रिटिश हिंदुस्थानात सैनिकांना हा रोग फार होई म्हणून १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा झाला. त्याने काय केलं? वेश्यांची नोंदणी, त्यांची सक्तीची तपासणी, आणि रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये बरं होईपर्यंत कोंडून ठेवणं. त्यांच्याकडे जाणाऱ्या गोऱ्या शिपायाची तशी तपासणी नव्हती. बायकांना कोंडून रोग हटला नाही, इंग्लंडात जोसेफिन बटलरबाईंनी तशाच कायद्याविरुद्ध रान उठवलं, आणि अखेर हिंदुस्थानातला कायदा १८८८ साली रद्द झाला. कोंडण्याची ही खोड फक्त इंग्रजांची होती असं मात्र कुणी समजू नये. १९८९ साली आपल्याच गोव्यात, आपल्याच आरोग्य कायद्याखाली, डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही आढळला म्हणून पोलिसांनी उचललं आणि क्षयरोग्यांच्या बंद पडलेल्या इस्पितळात ६४ दिवस एकट्याला ठेवलं. तो रक्तदाता होता, रक्तदानामुळेच तपासणीत सापडला. कोर्टात लढून तो बाहेर आला, १९९२ साली वारला. २००५ चा 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट त्याच्यावरूनच सुचलेला. ते सगळं घडलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि आमच्या आळीत चर्चा होती ती त्याने वापरलेल्या पेल्याची.

म्हणजे पुन्हा ताट तांब्याच.

पणजोबांचं ताट मला आत्याकडून कळलं. आत्या आता ऐंशीला टेकलीय, फोंड्याला मुलाकडे असते. पणजोबा गेले तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो. आमचं बोलणं कोंकणीत झालं, इथे मराठीत लिहितोय. "कितें रे तें?" तिने चष्मा शोधत विचारलं. मी वाचून दाखवलं. ताट तांब्यापाशी ती म्हणाली, "ते काशाचं ताट होतं. फळीवर उपडं असायचं. आम्हां पोरांना त्याला हात लावायची बंदी. आजोबा देवमाणूस म्हणून वेगळं ताट, असं आम्हांला सांगितलेलं."

म्हणजे १९१३ ते १९५५. बेचाळीस वर्षं ते ताट वेगळं घासलं गेलं. ज्या घरात ताटाची शिस्त इतकी कडक पाळली गेली, त्या घरात दुसरं पथ्य सांगितलं असतं तर तेही पाळलं गेलं असतं असं मला वाटतं. पणजोबा वाईट माणूस होते असं कुणी सांगत नाही. मुंबईला कुठल्याशा पेढीवर तीन वर्षं होते, तरुण होते, परत आले.

मी आत्याला उरलेलं सांगितलं. कसं सांगायचं याची घरून निघताना मला धास्ती होती. सांगताना शब्दही सापडेनात, कारण या विषयाचे शब्द आपण घरात कधी वापरतच नाही. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "आजीची ओटी कुणी भरत नसत, ठाऊक आहे तुला? तुझा आजोबा होईपर्यंत. डोहाळजेवणाला तिला आत बसवायचे. ती मला स्वतः सांगायची, हसत सांगायची." आणि थोड्या वेळाने, "मिठाचं लिहिलं रे त्याने."

तो कागद लिहिला गेला त्या सुमारास जगात काय चाललं होतं ते पाहिलं की अधिकच चुटपुट लागते. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि होफमान यांनी मळसूत्रासारखा तो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. १९०६ साली वासरमानची रक्ततपासणी आली. १९०९ साली एर्लिखच्या प्रयोगशाळेत हाता या जपानी सहकाऱ्याला ६०६ क्रमांकाचं संयुग सशांवर लागू पडताना दिसलं आणि १९१० साली ते साल्वर्सान नावाने बाजारात आलं. सोमलाचं होतं, त्रासदायक होतं, पण खरोखर काम करणारं पहिलं औषध होतं. पणजोबांचा वैद्य कणकेची गोळी लिहीत होता तेव्हा ६०६ तीन वर्षांचं झालं होतं. मग १९४३ साली अमेरिकेत माहोनी या डॉक्टरने चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि साडेचारशे वर्षांचा खेळ एका सुईत संपला. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठीच. पण औषध असूनही न देणारे निघाले. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे सरकारी डॉक्टरांनी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं ३९९ काळ्या रोग्यांना 'बघू काय होतं' म्हणून उपचारावाचून ठेवलं. त्यांच्या बायकांनाही लागण झाली, मुलं रोग घेऊन जन्मली.

आणि रोग गेला असं समजू नका. २०२२ या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८० लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. औषध मात्र तेच आहे आणि अजून तितकंच गुणकारी. इतर किती तरी जंतू औषधांना निर्ढावले, पण हा पेनिसिलिनला आजवर निर्ढावलेला नाही. सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथिन पेनिसिलिनची एकदाच, २४ लाख युनिटची सुई, कुल्ल्यात. जुना रोग असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. त्या रात्री ताप भरू शकतो, जंतू मरताना येतो तो, घाबरायचं नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसऱ्या गोळ्या आहेत, पण ते डॉक्टरने ठरवायचं. सरकारी इस्पितळांत याच कामासाठी 'सुरक्षा क्लिनिक' नावाची केंद्रं सुरू झाली, तिथे रंगांनी ओळखायची औषधांची पाकिटं आली. अशा जखमेचं पाकीट पांढरं. चिठ्ठीवर रोगाचं नाव वाचायची कुणाला लाज वाटू नये हाही त्यात एक हेतू असावा.

घरात काय पाळायचं, तर भावमिश्रांची शेवटची ओळ. सुई घेतल्यावर निदान आठवडाभर, आणि चट्टा पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत, संबंध नाही. निरोध उपयोगी आहे, पण चट्टा तो न झाकणाऱ्या जागी असेल तर तेवढ्याने भागत नाही. ओठावर, तोंडात चट्टा असेल तर चुंबनही नको. जोडीदाराची तपासणी आणि उपचार त्याच वेळी, त्याला काही त्रास असो वा नसो. एकाला सुई आणि दुसऱ्याला नाही असं केलं तर रोग त्याच घरात फिरत राहतो, कारण एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं या रोगाचं नाही. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने रक्त पुन्हा तपासायचं. ताट, तांब्या, टॉवेल, संडास यांतून तो पसरत नाही. गरोदर बाईला वेळेत, म्हणजे बाळंतपणाआधी निदान महिनाभर पेनिसिलिन मिळालं तर बाळ बहुतेक वेळा वाचतं. एवढ्या साध्या सुईने पणजीची मुलं वाचली असती.

परवा कपाट आवरताना बायकोची जुनी फाईल हाती लागली, २०११ ची, आमच्या मुलीच्या वेळची. प्राथमिक आरोग्य केंद्राचा शिक्का, हिमोग्लोबिन, रक्तगट, आणि त्याखाली एक ओळ: व्हीडीआरएल, नॉन-रिअॅक्टिव्ह. ही याच रोगाची तपासणी, गरोदरपणाच्या पहिल्या फेरीतच करतात. त्या वेळी ती फाईल दर महिन्याला माझ्याच हातात असायची. ही कसली तपासणी, असं मी कधी विचारलं नाही. माझी कुणी केली नाही, आणि करा असं मीही म्हटलं नाही.